उतारवयातला पाठीचा बाक

साडीच्या निऱ्या एका बाजूला जास्त उतरतात, एवढ्या कारणासाठी कुणी डॉक्टरांकडे जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिकाही गेल्या नव्हत्या. त्यांचे वय त्र्याहत्तर. गावात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवते. दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या साडीचा काठ उजवीकडे जमिनीला टेकायचा आणि डावीकडे घोट्याच्या वर राहायचा. शिंप्याने ब्लाउजची मापे घेताना, दोन्ही खांदे सारखे नाहीत, असे सांगितले होते. आपलेच नेसणे आता नीट होत नाही, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. मग देवळातल्या आरतीला उभे राहणे सुटले. सकाळच्या फेरीतल्या मैत्रिणी पुढे जाऊ लागल्या, तेव्हा फेरीही सुटली. ग्रंथालयातून पुस्तके आणायला नातवाला पाठवणे सुरू झाले.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या मुलाच्या हातात क्ष-किरण चित्र होते. अहवालात कमरेच्या भागात चोवीस अंशांचा बाक लिहिला होता. मुलगा घाबरलेला होता. “मॅडम, आईचा मणका वाकडा झालाय. ऑपरेशन करावं लागेल ना?” बाई मात्र त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, “चाळीस वर्षं मुलांना ‘ताठ बसा’ म्हणून ओरडले. आता घरात सगळे मलाच ओरडतात.”

मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दोन वर्षांपूर्वी याच बाई कंबरदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना उभे करून पाठ पाहिली नव्हती. “वयोमानाप्रमाणे चालायचंच,” असे म्हणून आठवड्याच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मुलाची भीती आणि माझे ते वाक्य, दोन्ही चुकीचे होते. ते का, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

स्कोलिओसिस म्हणजे काय?

आपला पाठीचा कणा बाजूने पाहिला तर मुळातच वळणदार असतो. मान आणि कंबर आत झुकलेली, छातीचा भाग बाहेर आलेला. ही वळणे निसर्गाने दिलेली आहेत आणि शरीराचा भार पेलण्यासाठी ती आवश्यक असतात. मागून पाहिल्यावर मात्र कणा सरळ रेषेत दिसायला हवा. तो डावीकडे किंवा उजवीकडे वळला, तर त्याला पार्श्ववक्रता किंवा स्कोलिओसिस म्हणतात. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये क्ष-किरण चित्रावर हा बाक मोजण्याची पद्धत सांगितली. आजही त्यांच्याच नावाने ‘कॉब कोन’ मोजला जातो. कोन १० अंश किंवा त्याहून अधिक असेल तरच स्कोलिओसिस म्हणायचे, असा संकेत आहे.

हा बाक केवळ बाजूला झुकण्याचा नसतो. ओला कपडा पिळावा तसे मणके स्वतःभोवती थोडे फिरलेलेही असतात. म्हणूनच पुढे वाकल्यावर पाठीची किंवा कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते.

प्रौढपणी आढळणाऱ्या या विकाराचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बाक किशोरवयातच आलेला असतो. त्याचे नेमके कारण बहुधा सापडत नाही. तो लक्षात येतो किंवा येतही नाही, आणि माणूस त्याच्यासह संसार करून म्हातारा होतो. विश्वविक्रमी धावपटू उसेन बोल्ट यालाही स्कोलिओसिस आहे, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. वाढ पूर्ण होताना कोन ३० अंशांपेक्षा कमी असेल तर पुढे तो सहसा फारसा वाढत नाही. ५० अंशांच्या पुढचे बाक मात्र प्रौढपणीही हळूहळू, वर्षाला साधारण एका अंशाच्या गतीने, वाढू शकतात.

दुसरा प्रकार उतारवयात नव्याने येतो. बाईंचा बाक याच प्रकारचा. दोन मण्यांमध्ये जी गादी असते, तिच्यातले पाणी वयानुसार कमी होते आणि तिची उंची घटते. मणक्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे झिजतात. ही झीज दोन्ही बाजूंना सारखी झाली तर माणूस नुसता बुटका होतो. एका बाजूला जास्त झाली तर वरचा मणका त्या बाजूला कलतो. कललेल्या मणक्याचा भार झिजलेल्या बाजूवरच अधिक पडतो, आणि झीज पुन्हा वाढते. घराच्या एका कोपऱ्याखालची माती खचावी तसे हे घडते. त्यातच हाडे ठिसूळ असतील आणि एखादा मणका दबला, तर कल आणखी वाढतो.

कोनाचा धाक

अहवालातला अंशांचा आकडा पाहून घरचे धास्तावतात. म्हणून दोन-तीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

साठीपुढच्या, एरवी निरोगी असलेल्या स्वयंसेवकांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अमेरिकन अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६८ टक्के लोकांमध्ये स्कोलिओसिस आढळला, आणि कोन व वेदना यांचा ठोस संबंध दिसला नाही. अमेरिकेतीलच आयोवा येथे किशोरवयीन स्कोलिओसिसवर कोणताही उपचार न झालेल्या लोकांचा पन्नास वर्षे मागोवा घेण्यात आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार या लोकांना इतरांपेक्षा पाठदुखी अधिक होती, दिसण्याबद्दलची खंत होती, पण बहुतेकांचे आयुष्य कर्तेपणाने आणि स्वावलंबनाने गेले.

तेव्हा चोवीस अंशांचा कोन म्हणजे चोवीस अंशांचे दुखणे, असे गणित नाही. पन्नास अंश घेऊन शेतात काम करणारे लोक मी पाहिले आहेत आणि पंधरा अंशांनी घराबाहेर पडणे बंद झालेलेही. मग दुखणे ठरते कशावर? पुष्कळदा ते पुढच्या तोलावर ठरते.

गवंड्याचा ओळंबा

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सोडून पाहतो. तसाच एक ओळंबा मानेच्या तळापासून खाली सोडला आहे, अशी कल्पना करा. माणूस बाजूने पाहिला असता तो माकडहाडाच्या वरच्या भागाजवळ यायला हवा. उतारवयात गाद्या झिजल्या की कमरेचे नैसर्गिक वळण सपाट होते, धड पुढे झुकते आणि ओळंबा पायांच्या दिशेने पुढे सरकतो. प्रौढांच्या स्कोलिओसिसवरील अभ्यासांत वेदना आणि असमर्थता यांचा सर्वाधिक जवळचा संबंध या पुढच्या कलाशी आढळला आहे. बाजूचा कोन त्या मानाने दुय्यम ठरला.

हे का घडते, ते घरी अनुभवून पाहता येईल. पाण्याची भरलेली कळशी छातीशी धरली तर काही वेळ धरवते. तीच हात पुढे करून धरली तर क्षणात हात भरून येतात. पुढे झुकलेले धड म्हणजे अशी दूर धरलेली कळशी. तिला पाठीचे स्नायू दिवसभर मागून ओढून धरतात. तोल सावरण्यासाठी माणूस नकळत गुडघे वाकवतो, नितंबांचे स्नायू आवळतो. दुपारपर्यंत ते सगळे थकतात. म्हणूनच अशा व्यक्ती सकाळी बऱ्या असतात आणि संध्याकाळी वाकतात. ओट्याशी उभे असताना कोपर टेकवतात. भाजी घेताना हातगाडीच्या कडेला रेलतात. यात आळस नाही आणि सवयही नाही. स्नायू दमले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुखणे ओळखा, मग उपाय शोधा

अशा पाठीत तीन प्रकारची दुखणी असू शकतात. त्यांची सरमिसळ होते, तरीही ती वेगळी ओळखता येतात.

पहिले दुखणे स्नायूंच्या थकव्याचे. ते कमरेत, मोघम, उभे राहिल्यावर वाढणारे असते. आडवे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हलके होते.

दुसरे दुखणे चेतातंतू दाबला जाण्याचे, ज्याला आपण ‘नस दबणे’ म्हणतो. बाकाच्या आतल्या बाजूला मणक्यांमधील फटी अरुंद होतात आणि तेथून निघणारा तंतू चिमटतो. मग एका पायात कळ उतरते, मुंग्या येतात. मणक्यातील मुख्य पोकळीच अरुंद झाली असेल तर थोडे चालल्यावर दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात आणि बसावेसे वाटते. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरे वाटते, ही त्याची खूण. पायातील रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटरी दुखते. पण तेव्हा नुसते उभे राहिले तरी दुखणे थांबते, बसावे लागत नाही. मधुमेह असलेल्या आणि तंबाखू घेणाऱ्या व्यक्तींमध्ये हा फरक जाणून घेणे फार महत्त्वाचे.

तिसरे दुखणे हाडाचे. वाकून बादली उचलली, रिक्षाला धक्का बसला, एवढ्याशा निमित्ताने पाठीत एकाच जागी तीव्र कळ सुरू झाली, तर ठिसूळ झालेला मणका दबल्याची शंका घ्यावी. कधी कधी असा मणका काहीही कळू न देता दबतो आणि फक्त उंची घटते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

बाईंना मी एक वही करायला सांगितली. त्यांना ते आवडले. शिक्षकांना वही आवडतेच. रोज चारच नोंदी: न बसता किती मिनिटे उभे राहता आले, न थांबता किती चालता आले, दुखणे कमरेत होते की पायात, आणि कशाने उतरले. पंधरा दिवसांच्या त्या वहीने मला क्ष-किरण चित्रापेक्षा अधिक सांगितले. उभे राहणे सात मिनिटे. चालणे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. दुखणे बहुतेक कमरेत, आडवे पडल्यावर उतरणारे. म्हणजे मुख्य भाग थकव्याचा होता, आणि थकवा कमी करता येतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

डॉक्टरांनी रुग्णाला उभे करून मागून आणि बाजूने पाहणे, पुढे वाकायला लावणे, पायांची लांबी, पायांतील ताकद आणि संवेदना तपासणे ही पहिली पायरी. क्ष-किरण चित्र काढायचे तर ते उभ्याने काढलेले हवे. आडवे झोपून काढलेल्या चित्रात बाक कमी दिसतो आणि तोल तर कळतच नाही. शक्य असेल तेथे मानेपासून खुब्यापर्यंत संपूर्ण कण्याचे, समोरून आणि बाजूने, असे चित्र घ्यावे. पायात कळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, अथवा शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय उपयोगी पडतो. केवळ कुतूहलापोटी तो करू नये. सत्तरीत प्रत्येकाच्या एमआरआयमध्ये काही ना काही झीज दिसतेच.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी मात्र पासष्टीपुढच्या प्रत्येक स्त्रीने करून घ्यावी. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजतात. त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. बाईंचा टी-स्कोअर उणे २.८ निघाला. आम्ही सगळे बाकाकडे पाहत होतो आणि खरा उपचार करण्याजोगा विकार हाडांत होता.

व्यायाम: कुणासाठी कोणता?

प्रौढपणी आलेला बाक व्यायामाने सरळ होत नाही, हे आधी स्पष्ट करते. व्यायामाने स्नायूंची ताकद, उभे राहण्याचा वेळ आणि तोल सुधारतो. एवढे पुष्कळ आहे.

येथे एक पेच असतो. चेतातंतूंची वाट अरुंद असलेल्यांना पुढे वाकल्यावर बरे वाटते आणि मागे वाकल्यावर त्रास होतो. हाडे ठिसूळ असलेल्यांनी मात्र कण्यातून पुढे वाकायचे टाळायला हवे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ठिसूळ मणक्यांच्या ज्या स्त्रियांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यात मणके दबण्याचे प्रमाण पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बरेच अधिक आढळले. त्यामुळे शेजारणीला लागू पडलेला व्यायाम आपल्याला लागू पडेलच असे नाही. हाडांची तपासणी होईपर्यंत पश्चिमोत्तानासन, हलासन, कमरेला पीळ देणारी आसने आणि सूर्यनमस्कारातील खोल वाकणे थांबवावे. पहिले काही आठवडे भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करावा. जर्मनीत कॅथरीना श्रोथ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली श्वास आणि शरीरस्थितीची पद्धत काही ठिकाणी शिकवली जाते. ती जाणकाराकडूनच शिकावी.

बहुतेकांना झेपतील असे काही साधे व्यायाम असे:

हात नसलेल्या पण स्थिर, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठणे आणि हळूहळू बसणे. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा वेळा. हाताचा आधार लागला तरी चालेल.

भिंतीला पाठ लावून उभे राहणे आणि दोन्ही खांद्यांची पाती हलकेच मागे ओढून पाच सेकंद धरणे. डोके भिंतीला टेकत नसेल तर जबरदस्ती करू नये.

पलंगावर उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर वीतभर उचलणे. पायात कळ आली तर थांबावे.

ओट्याला धरून टाचा उचलणे आणि मग एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. शेजारी कुणीतरी असावे.

चालणे तुकड्या-तुकड्यांनी करावे. दहा मिनिटांनी दुखत असेल तर आठव्या मिनिटाला बसावे, दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा निघावे. दुखेपर्यंत चालून मग दोन दिवस पडून राहण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. ज्यांचे पाय चालताना भरून येतात, त्यांना बैठी सायकल पुष्कळदा अधिक सोसते.

घर पाठीला साजेसे करा

स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीचे एक उंच स्टूल ठेवा. भाजी निवडणे आणि पोळ्या लाटणे बसून होऊ द्या. भांडी घासायला उभे राहायचे असेल तर एक पाय आलटून पालटून छोट्या पाटावर ठेवा. झाडू लांब दांड्याचा घ्या. पिठाचा डबा, तेलाचा डबा कमरेच्या उंचीवर आणा. पूजा जमिनीवर बसून करण्याचा आग्रह सोडून देव्हारा थोडा वर घ्या. कमोडची सोय करा आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. पायपुसणी घसरत नाहीत ना, हे पाहा. ठिसूळ हाडांच्या माणसाला घसरून पडणे पाठीच्या बाकापेक्षा कितीतरी महागात पडते.

काठी घ्यायला लाजू नका. काठीची मूठ मनगटाच्या रेषेइतक्या उंचीवर यावी आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुढे झुकणाऱ्यांना चार चाकांचा, ब्रेक असलेला वॉकर अधिक मानवतो. ‘फळीवर झोपा’ हा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. मध्यम कडक गादीवर, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, बहुतेकांना चांगली झोप लागते.

आहारात कॅल्शियम दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम जायला हवे. २५० मिलिलिटर दुधातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळते. त्याला दही-ताक, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ यांची जोड द्या. मासे खात असाल तर काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी घ्या. स्नायूंसाठी डाळी, उसळी, अंडी हवीत. वयोवृद्ध माणसे चहा-खारीवर दिवस काढतात आणि मग पायांत ताकद नाही म्हणतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावी. तंबाखू आणि मिशरी सोडावी. त्यांनी हाडेही कमकुवत होतात.

औषधे, पट्टे आणि शस्त्रक्रिया

दुखणे असह्य असेल तेव्हा पॅरासिटामॉल, ठरवून दिलेल्या मात्रेत, हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांबरोबर त्या मूत्रपिंडाला इजा करतात, जठरात व्रण करतात. वरून लावायचे मलम त्या मानाने बरे. नसेच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन या औषधांनी चक्कर येऊ शकते, पाय सुजू शकतात. रात्री उठताना तोल गेला, तर ते डॉक्टरांना कळवा. नाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नका. त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड हाडे पोखरते.

कमरेचा पट्टा प्रौढ व्यक्तीचा बाक सरळ करत नाही. प्रवासात किंवा स्वयंपाकाच्या तासाभरासाठी तो आधार देतो. दिवसभर बांधला तर स्नायू आणखी दुबळे होतात. मणका ‘बसवून’ देणारे, पाठीवर पाय देऊन मालीश करणारे यांच्यापासून ठिसूळ हाडांच्या माणसांनी दूरच राहावे. कण्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने पायातली कळ काही आठवडे किंवा महिने कमी होऊ शकते. बाक तसाच राहतो.

शस्त्रक्रियेचा विचार तीन परिस्थितींत करावा: पायातील ताकद कमी होत चालली असेल, काही महिने नीट उपचार करूनही पायातील वेदना चालू देत नसतील, किंवा तोल वेगाने ढळत असेल. कधी फक्त दाबलेला तंतू मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया पुरते. कधी स्क्रू आणि सळ्या घालून अनेक मणके एकत्र जोडावे लागतात. ही मोठी शस्त्रक्रिया योग्य रुग्णाला मोठा दिलासा देते. मात्र उतारवयात तिच्यानंतर जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे असे त्रास कमी नाहीत. पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून शल्यविशारदांना चार प्रश्न अवश्य विचारा. माझे कोणते दुखणे याने कमी होईल? कोणते राहील? माझी हाडे स्क्रू धरतील का? आणि शस्त्रक्रिया केली नाही तर पुढच्या दोन वर्षांत काय होईल?

या खुणा दिसल्या तर थांबू नका

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडून चप्पल निसटणे, यांपैकी काहीही नव्याने झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ असेल, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर तपासणी लांबवू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो. तो वेळेत ओळखला तर औषधांनी बरा होतो आणि उशीर झाला तर कायमचे व्यंग ठेवून जातो. ‘वयोमान’ हा शब्द उच्चारण्याआधी एवढ्या गोष्टी पाहून घ्यायला हव्यात. मी तेव्हा त्या पाहिल्या नव्हत्या.

घरच्यांसाठी

भागवतातील त्रिवक्रा कुब्जेची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. श्रीकृष्णाने तिची पावले आपल्या पायांनी दाबून धरली, दोन बोटांनी हनुवटी उचलली आणि ती सरळ झाली. आई किंवा आजी डॉक्टरांकडून अशीच सरळ होऊन यावी, असे घरच्यांना वाटते. ते आमच्या हातात नाही. आणि ते नाही म्हणून काहीच हातात नाही, असेही नाही.

आपण जेवताना, फोटो काढताना, पाहुण्यांसमोर तिला ‘ताठ उभी राहा’ म्हणता, तेव्हा तिच्या दमलेल्या स्नायूंना आणखी ओझे उचलायला सांगत असता. वर तिला अपराधी वाटते. मग ती लोकांत जाणेच टाळते. चालणे कमी होते, स्नायू आणखी झिजतात, आणि बाक खरोखरच वाढतो. त्याऐवजी तिला विचारा, “आज किती चाललीस?” रस्त्यात कुठे बसायला जागा आहे, हे तिच्याबरोबर जाऊन पाहून ठेवा. देवळात एक खुर्ची मागून घ्या. तिच्या चालीने चाला.

बाईंच्या मुलाने हेच केले. घरापासून ग्रंथालयापर्यंत बसण्याच्या तीन जागा त्याने हेरल्या: एक पार, एका ओळखीच्या दुकानाची पायरी आणि शाळेच्या फाटकाजवळचा बाक. हाडांसाठी औषध सुरू झाले, व्यायाम आठवड्यातून पाच दिवस ठरला. पहिल्या महिन्यात वहीत फारसा फरक नव्हता आणि बाई वैतागल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात उभे राहण्याचा वेळ सात मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर गेला. पाचव्या महिन्यात त्या स्वतः ग्रंथालयात जाऊन पुस्तक बदलून आल्या, वाटेत दोनदा बसून.

परवा त्या तपासणीला आल्या होत्या. कोन चोवीस अंशच आहे. साडीचा काठ उजवीकडे अजूनही उतरतो. त्यावर त्यांनी आपला उपाय काढला आहे. निऱ्या खोचताना उजवी बाजू दोन बोटे वर घेतात. एवढ्या वर्षांत हे आपल्याला आधीच कसे सुचले नाही, याचेच त्यांना नवल वाटते.